नवसागराचा हौद

सासूने तळहातावर चुना आणि नवसागर चोळला आणि तो हात माझ्या धाकट्या जावेच्या नाकाशी धरला. जाऊ तेव्हा श्वास घेत होती. घरघर आवाज करत, पण घेत होती. तो झणका आत गेल्याबरोबर तिचं अंग ताठ झालं, टाचा जमिनीवर घासल्या आणि तोंडातून गुलाबी फेस आला.

"आली, आली सुदीवर," सासू म्हणाली. "आजून वाईच हुंगवते."

आणि तिने पुन्हा हुंगवलं. आजूबाजूला कारखान्याची माणसं उभी होती, भट्टीवरच्या बाया होत्या. कोणी तिचा हात धरला नाही. का धरावा? आमच्याकडे बेशुद्ध माणसाला हेच हुंगवतात. घेरी येऊ दे, पडशाने डोकं जड होऊ दे, चिमूटभर चुना आणि चिमूटभर नवसागर हातावर चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. माणूस उठून बसतो. सासूच्या कनवटीला नवसागराचा खडा कायम असायचा. तिने मायेने केलं. दुसऱ्या कोणाच्या नाकाशी नेण्याआधी ती धाकट्या सुनेकडे धावली, स्वतःच्या मुलाकडेसुद्धा नंतर वळली.

तिचा मुलगा म्हणजे माझा नवरा. तो हातापायांवर ओणवा होऊन ओकत होता. आईचा हात त्याने झिडकारला, कारण त्याला अजून झिडकारण्याइतकी ताकद होती. जावेला नव्हती. त्याला हौदातून वर ढकलून देता देता तिची सगळी ताकद गेली होती.

आता हे कसं झालं ते सांगते.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे. स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या घरात शिंपांचा चुना होता तसाच होता. ओहोटीला खाडीत उतरायचं, चिखलातून शिंपा गोळा करायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, आणि भट्टीत लाकडांच्या थरांवर रचून जाळायच्या. जळल्या की पांढऱ्याफेक होतात. तो कळीचा चुना. त्यावर पाणी मारलं की तो तापतो, फुटतो, फुलतो. आणि फुलत असताना त्याला झाकायचं. गोणपाट घालायचं, वर झावळ्यांचे झाप टाकायचे. ऊब आत राहिली की चुना लोण्यासारखा होतो, उघडा टाकला की खडे राहतात. हे आमच्या घरात पोराला चालायच्या आधी कळायचं.

मी चौथी शिकले होते, म्हणून घरात सून झाल्यावर वजनकाट्याजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. जाऊ शाळेत गेलीच नव्हती. ती माझ्यानंतर काही वर्षांनी आली. काळी, उंच, दात थोडे पुढे. पाण्यात ती जेवढी राहायची तेवढं आमच्यातलं कोणी राहत नसे. ओहोटी पुरती लागायची वाट न बघता बुडी मारायची आणि खडकाची मोठी कालवं पदरात घेऊन वर यायची. एकदा एवढा वेळ वर आली नाही की मी काठावर बोंब मारली. ती लांब पलीकडे डोकं काढून म्हणाली, "बाय, रडू नको, तुझ्या वाटणीचं कालव आनलंय."

तिचा नवरा, माझा दीर, मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. बाकी वर्षभर ती आणि मी. एका चुलीवर रांधायचो, एका टोपलीत शिंपा उचलायचो. माझ्या आईच्या मागे माझं जर कोणी माणूस असेल तर ती होती. नवऱ्याचं तसं नव्हतं. तो वाईट नव्हता. मारायचा नाही, प्यायचा नाही. कमी बोलायचा आणि दुसऱ्याचं ऐकायचा नाही, एवढंच.

थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेने तोंड उघडायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. त्याच्या अंगाला अंग लागायचं नाही, त्याच्या बसल्या जागेवरून ओलांडून जायचं नाही. जाऊ ती रीत पाळायची, पण तिच्या पद्धतीने. जेवायला बोलवायचं झालं की पदर डोक्यावर घ्यायची आणि मांजराला सांगायची, "मांजरे, भावोजींना सांग, भात निवतोय." कधी माझ्या नवऱ्याने वजनात चूक केली की, "मांजरे, भावोजींना इचार, डोले भाड्याने दिलंत का?" तो मांजराकडे बघायचा आणि हसू दाबायचा. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी थेट एक शब्द बोलली नव्हती.

मग खाडीच्या वरच्या अंगाला नवसागराचा कारखाना आला. शेठ मुंबईचा. कल्हईवाल्यांना लागतो तो नवसागर तिथे करायचे. मुंबईहून पिंपं यायची, मोठ्या कढया तापायच्या, पांढरे स्फटिक सुकून पोत्यांत जायचे. जे पाणी उरायचं ते चर खणून खाडीत सोडलेलं. पाणी दिसायला स्वच्छ. वासही नाही. पण पहिल्याच उन्हाळ्यात खाडीतले बोईट मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मग काठाला मेलेले मासे लागले. कालवं उघडी पडून सडली.

कोळी कारखान्याच्या दारात आले. पुढे एक म्हातारी होती, डोक्यावर पाटी, पाटीत मेलेली मासळी. ती पाटी तिने मॅनेजरच्या टेबलावर उपडी केली.

"घे," म्हणाली, "तूच पिकवलीस, तूच खा."

"मावशी, पाण्यात काही नाही. हे बघ, पाणी साफ आहे."

"मंग पी की."

मॅनेजर ते प्यायला नाही. त्यानंतर शेठने मुंबईहून केमिस्ट आणला. तरुण माणूस, चष्मा, पायजम्याला कायम चिखल. चर बंद झाला आणि चराच्या तोंडाशी मोठा दगडी हौद बांधला गेला. त्यात घालायला चुना हवा होता, म्हणून तो आमच्या भट्टीवर आला. चुना आमचा आणि ढवळायचं कामही आमचं, असं ठरलं. माझा नवरा हौदाचा मुकादम झाला.

केमिस्टने आम्हाला हौदाच्या काठावर उभं करून समजावलं. त्याचं बोलणं मला आठवतं, कारण तो आमच्याशी नीट बोलला.

"या पाण्यात नवसागर राहतो. पाण्यात बांधलेला असतो, म्हणून वास येत नाही. मासा मात्र त्याने मरतो. चुना घातला की ती गाठ सुटते. मग त्याचा वायू होतो आणि वाऱ्यावर निघून जातो. पाणी तेवढं खाली राहतं."

"मंग ते पानी खाडीत सोडायचं?" मी विचारलं.

"लगेच नाही. गाळ बसू द्यायचा. मग चुन्याची धग मोडायला थोडं तेजाब घालायचं, ते माझा माणूस घालेल. मग सोडायचं."

त्याने डब्यातल्या पाण्यात थोडा चुना कालवला आणि त्यात एक पिवळा कागद बुडवला. कागद लाल झाला. म्हणाला, लाल झाला की चुना पुरला असं समजायचं. जाऊ पदराआडून हसली. "बाय, ही तर हलद हाय. चुना लागला की हलदीचं कुंकू व्हतंच."

तिचं म्हणणं मी त्याला सांगितलं. तो पण हसला. "हळदच आहे. हळदीत बुडवलेला कागद आहे तो."

मग तो गंभीर झाला. ढवळताना वारा पाठीवर घ्यायचा. लांब बांबूनेच ढवळायचं. आत कोणी उतरायचं नाही. आणि हौदावर कधी छप्पर घालायचं नाही. वायूला जायला आभाळ मोकळं पाहिजे. तो हे दोनदा बोलला. नवऱ्याने मान हलवली.

पहिल्या दिवशी चुना पडला तसा हौदातून झणका उठला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो, कारण तो वास ओळखीचा होता. सासूच्या तळहाताचा वास. जाऊ म्हणाली, "आता आख्ख्या गावाचं पडसं जाईल." आणि खरंच लोक यायला लागले. कोणाचं डोकं दुखलं, कोणाचं नाक चोंदलं, की म्हणायचे, चल हौदावर. वाऱ्याच्या खालच्या अंगाला थोडं उभं राहायचे, शिंकायचे, डोळे पुसायचे आणि बरं वाटलं म्हणत घरी जायचे. लहान मुलांनासुद्धा आणायचे. जी वस्तू औषध म्हणून घरात पिढ्यान्‌पिढ्या होती तिला कोण भिणार? कारखान्यातली माणसं आमच्यापेक्षा जास्त भ्यायची. आम्ही त्यांना नावं ठेवायचो.

खाडीत मासे परत आले. पुढच्या हंगामात कोळणींनी आम्हाला बोईट आणून दिले. मग केमिस्टचं काम संपलं आणि तो मुंबईला गेला.

हौदाच्या वाऱ्याखाली एका मोठ्या बागायतदाराची वाडी होती. नारळ, सुपारी, आणि पानवेली. पानवेलींची पानं कडेने करपायला लागली. बागायतदार कारखान्यात आला, मॅनेजरशी इंग्रजीत बोलला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने माझ्या नवऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, हौद झाकायचा.

नवरा घरी आला तो खुशीत. "म्या पयल्यापासून म्हनत व्हतो. चुना उघड्यावर फुकट जातो. झाकला म्हंजे ऊब धरंल, कमी चुन्यात काम व्हईल."

"पन त्या चष्मेवाल्याने नको सांगितलंय ना," मी म्हटलं.

"त्याच्या आज्याने तरी चुना भिजवला व्हता का?"

जाऊ चुलीपाशी होती. तिने पदर घेतला. "मांजरे, भावोजींना सांग, तो चुन्याचं न्हाय बोलला, वाऱ्याचं बोलला."

नवरा मांजराला म्हणाला, "तुला काय कलतंय वाऱ्याचं?" आणि जेवायला बसला.

भाऊबंदांच्या घरांतून झाप गोळा केले. हौदावर बांबू आडवे टाकले, त्यावर झाप, त्यावर ओली गोणपाटं. कडा मातीने लिंपल्या. आमच्या भट्टीवर झाकतात तसंच, तेवढंच नीट. काम सुबक झालं होतं. वाडीकडे वास जायचा थांबला. मॅनेजर येऊन बघून गेला आणि शाबास म्हणाला.

काही दिवस तसंच चाललं. एक कोपरा उघडायचा, चुना ओतायचा, बांबूने ढवळायचं, परत झाकायचं. मग एका सकाळी माणसं पाणी सोडायला गेली तर ते अर्ध्यात अडलं. तळाच्या भोकात गाळ बसला होता. वरून बांबूने खुपसून सुटेना. कढया भरलेल्या होत्या, त्यांचं पाणी सोडायला जागा नव्हती. मॅनेजर ओरडत होता. सगळं झाकण काढा म्हणायची पाळी होती, पण वारा वाडीकडे होता, म्हणून तो म्हणाला, जेवढं लागेल तेवढंच उघडा.

नवऱ्याने एक झाप बाजूला केला. ओलं फडकं तोंडाला बांधलं आणि भिंतीतल्या दगडी पायऱ्यांवरून आत उतरला. गुडघाभर गाळ होता. त्याने पायाने गाळ ढवळला, भोक शोधायला. मी टोपली घेऊन दहा-वीस पावलांवर होते. आतून खोकल्याचा आवाज आला. मग खोकला थांबला आणि काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

जाऊ माझ्याआधी पोचली. तिने आत डोकावलं, डोकं मागे घेतलं, तोंड फिरवून खाडीकडच्या हवेत छाती भरून श्वास घेतला. बुडीच्या आधी घ्यायची तसा. डोळे मिटले आणि उतरली. मी काठावर पोचले तेव्हा मला खाली नुसता पांढरा गाळ आणि त्यात दोन अंगं दिसली. माझे डोळे लगेच बंद झाले. तिने त्याला काखेत धरून उचललं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला हात लावला. तो जड होता. तिने त्याला पायरीवर टेकवला, खांदा लावून वर ढकलला. त्याचे केस माझ्या हातात आले, मग मनगट, मग बाया धावल्या आणि आम्ही त्याला ओढून काढला.

तेवढा वेळ तिने श्वास धरला होता. पाण्यात असती तर ती आणखी राहिली असती. पण वजन उचलायला श्वास लागतो. तिने तो आत घेतला. मी आवाज ऐकला. तिची हाक नव्हती, नुसता घशाचा आवाज होता.

मग पुरुषांनी झाप ओढून काढले, बांबू फेकले, सगळा हौद उघडा केला. हे आधी केलं असतं तर. वारा आत गेला, दोघं जण दोरी बांधून उतरले आणि तिला काढलं. तिच्या चेहऱ्यावर चुन्याचा गाळ होता, पापण्या सुजून चिकटल्या होत्या. मी पाणी ओतत होते, तेवढ्यात सासू भट्टीवरून धावत आली आणि तिने कनवटीचा खडा काढला.

चुना वाहणाऱ्या लॉरीतून दोघांना अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने आधी विचारलं, कशाने झालं. मी सांगितलं. मग विचारलं, घरी काही दिलं का. सासूने सांगितलं. सरळ, काही न लपवता, उलट थोड्या आशेने, की डॉक्टर म्हणेल बरं केलंत.

डॉक्टर म्हणाला, "आजी, ज्याने तिचा घसा भाजला तेच तुम्ही तिला परत दिलंत."

"आवशध हाय ते," सासू म्हणाली.

"चिमूटभर असतं तेव्हा."

"तेनं तिला जास्ती झालं का?"

"हौदात जे झालं तेच पुष्कळ होतं. तुमच्या हाताने झालं असं मी म्हणणार नाही. झालं नाही असंही म्हणता येणार नाही."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. सासू त्यानंतर खाटेजवळ आली नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली आणि तिथेच राहिली. कोणी भाकरी दिली तर खायची, नाही दिली तर नाही.

नवरा पुरुषांच्या खोलीत होता. खोकत होता, रक्त पडत होतं, पण दिवसागणिक सुधारत होता. जावेचं उलट. डोळ्यांवर पट्टी, आवाज गेलेला, छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. मी तिच्याजवळ बसायचे. एकदा तिने हात हलवून डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं. मला कळलं. भावोजींचं विचारत होती.

"जिता हाय," मी म्हटलं. "तू काढलास."

तिने मान हलवली. मग परत हात हलवला, खाली, लहान मुलाच्या उंचीएवढा. तिची मुलगी तीन वर्षांची होती, शेजाऱ्यांकडे ठेवली होती. मी ती आणवली. पोरीने पट्टी बघितली, सुजलेलं तोंड बघितलं आणि माझ्या लुगड्यात शिरली. "ती माजी आय न्हाय," म्हणाली. मोठ्याने म्हणाली. मी तिला पुढे ढकललं तर किंचाळायला लागली. जाऊ हात पुढे करून बसली होती. बोटांची कातडी निघालेली. पोर त्या हातात गेली नाही. शेवटी मी पोरीला बाहेर सासूकडे दिलं आणि तो हात मीच धरला. तिला बोटांवरून कळलं की तो माझा आहे. तरी तिने सोडला नाही.

दीर रेवसच्या बोटीने आला, तिथून चालत. तो तिच्याजवळ बसला आणि एवढंच म्हणत राहिला, "मी आलो गं." तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मी पाणी आणायला गेले होते.

केमिस्ट मुंबईहून आला. आमच्या अंगणात उभा राहिला. "मी सांगितलं होतं," म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"व्हय," मी म्हटलं. "तुमी सांगितलंत. तुमी गेल्यावर दुसऱ्याने दुसरं सांगितलं, आनि आमच्या मानसाला ते पटलं."

तो अंगणातूनच हौदाकडे गेला. हौद परत उघडा चालू झाला, चुना दुसऱ्या भट्टीवरून यायला लागला. खाडीत मासे राहिले, तेही खरं आहे. मॅनेजर म्हणत असे की चुनेवाल्यांनी आपल्या डोक्याने हौद झाकला. वाडीची पानं परत करपली तेव्हा बागायतदाराने वेली काढून टाकल्या. एवढं सोपं होतं ते.

नवरा दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी मी त्याला भात वाढला. हाक मारायला मी दारापर्यंत गेले, पण मला हाक मारता येईना. तो आपणच येऊन बसला. जेवता जेवता म्हणाला, "तिने मला हात लावला नसता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "व्हय." त्याने मान खाली घातली आणि जेवला. मी ते रागाने म्हटलं नव्हतं. मला तसंच वाटत होतं, आणि त्यालाही ते माहीत होतं. त्यानंतर आम्ही नवराबायको म्हणून पुष्कळ वर्षं राहिलो, मुलं झाली, पण हे बोलणं परत निघालं नाही.

दिराने दुसरं लग्न केलं आणि मुंबईलाच राहिला. पोर माझ्याजवळ वाढली. तिला आई आठवत नाही. दवाखान्यातलं आठवतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

सासू त्यानंतर दोन पावसाळे जगली. झाकल्या हौदात उतरली ती दोन माणसं. माझी जाऊ गेली. माझा नवरा वाचला, आणि म्हातारा होऊन मेला.